कोरफडीतली कोळीण (आणि हुकलेले फोटो): नाशिकच्या बागेतले कोळी

बागेतली_मी | १४ सप्टेंबर, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमचं जुनं बैठं घर आहे. मागे सासूबाईंनी लावलेली बाग: कढीपत्ता, जास्वंद, सोनचाफा, तुळस आणि कुंपणाला लागून कोरफडीची रांग. गणपतीत दूर्वा काढायला वाकले, तर नाकापासून वीतभर अंतरावर भलंमोठं जाळं. मधोमध पिवळ्या-करड्या पट्ट्यांची कोळीण, डोकं खाली करून बसलेली. आठ पाय दोन-दोन जोडून धरते, म्हणून लांबून चारच दिसतात. आणि जाळ्यात पांढऱ्या जाड नागमोडी रेघांची फुली, कुणीतरी भरतकाम करावं तशी.

त्या दिवसापासून वेड लागलंय. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, त्याचा कॅमेरा घरी पडून होता. साधा क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) डीएसएलआर, १८-५५ आणि ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स. रोज सकाळी पूजा आटोपली की अर्धा तास तिच्यासमोर मांडी घालून बसते. तीनशेच्या वर फोटो काढले असतील, एकही मनासारखा नाही. पोट स्पष्ट आलं तर डोळे धूसर. फ्लॅश मारला तर अंगावरची चंदेरी लव पांढरीफटक आणि मागे काळाकुट्ट अंधार. प्रचि (प्रकाशचित्रं) १ ते ३ खाली दिलेत, बघून मोकळेपणाने सांगा.

दोन प्रश्न. ही नक्की कोण? आणि खास मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठं दाखवणारी) न घेता हिचे डोळे दिसतील असा फोटो मिळेल का?

मेथी_कोथिंबीर | १४ सप्टेंबर, ९:४२

बाई गं, प्रचि २ बघून अंगावर काटा आला! पण सुंदर आहे, हे मान्य. वाचतेय.

अष्टपाद | १४ सप्टेंबर, ११:०५

ताई, ही सिग्नेचर स्पायडर. प्रजातीगट आर्जिओपी. आपल्याकडे बागांमध्ये आर्जिओपी अनसुजा आणि आर्जिओपी पुल्केला या दोन जाती नेहमी दिसतात. नुसत्या पाठीच्या फोटोवरून मी जात ठामपणे सांगणार नाही. पोटाच्या बाजूने एक फोटो काढा, तोही उपयोगी पडेल. जाळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलात की झालं, तिला हात लावायची गरज नाही.

ती फुली म्हणजे स्टॅबिलिमेंटम. जाळं मजबूत करायला असावी असं पूर्वी वाटायचं, त्यावरून हे नाव पडलं. आता दोन मतं जास्त चर्चेत आहेत. एक, ते रेशीम अतिनील प्रकाश परावर्तित करतं आणि कीटक त्याकडे ओढले जातात. दुसरं, पक्ष्यांना जाळं आधीच दिसावं आणि त्यांनी ते उडता उडता फाडू नये. अभ्यासकांचं अजून एकमत नाही. लहान पिल्लं फुली काढत नाहीत, वाटोळी चकती विणतात. तुमच्या कोरफडीत शोधा, एखादी चकतीवाली नक्की सापडेल.

आणि त्याच जाळ्याच्या कडेला किंवा शेजारी एखादा अगदी किरकोळ, तपकिरी, कचऱ्यासारखा दिसणारा कोळी असेल तर झटकू नका. तो नर. मादीच्या मानाने इतका लहान, की लोक त्याला तिचं भक्ष्य समजतात.

बागेतली_मी | १४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

आहे! वरच्या डाव्या कोपऱ्यात! मी आठवडाभर त्याला अडकलेला डास समजत होते.

भिंगवाला | १४ सप्टेंबर, रात्री १०:५०

ताई, तुमचे तिन्ही फोटो नीट पाहिले. फोकस चुकत नाहीये, तुमचा हात चांगला स्थिर आहे. गाडी अडतेय ती प्रकाशापाशी. जरा सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः दोन पावसाळे लेन्सवर पैसे घालवले आणि कामाची गोष्ट उशिरा कळली.

आधी लेन्स. ५५-२५० तुमच्याकडे आहे म्हणजे अर्धं काम झालं. तिच्या तोंडावर क्लिपने बसणारं क्लोज-अप भिंग मिळतं. माझ्याकडे रेनॉक्स डीसीआर-२५० आहे, ८ डायॉप्टर ताकदीचं, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिमी. हिशोब सोपा आहे. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवा, झूम १२५ वर आणलात की १:१, म्हणजे एक सेंटिमीटरचा कोळी सेन्सरवरही एक सेंटिमीटर. झूम २५० ला नेलात की दुप्पट. भिंगापासून कोळ्यापर्यंत साधारण चार-साडेचार बोटं... नाही, चुकलो, अर्ध्या वितीपेक्षा जरा जास्त, बारा सेंटिमीटरच्या आसपास अंतर राहतं. तेवढ्या अंतरावर ही कोळीण घाबरत नाही.

आता अडचण. एवढं मोठं करायला गेलं की फोकसमध्ये राहणारी खोली मिलीमीटरभरही उरत नाही, एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान केलं तरीसुद्धा. दुपटीला त्याहूनही कितीतरी कमी. तुम्ही श्वास घेतलात तरी डोळे फोकसबाहेर. एफ/२२ करून सुटत नाही, कारण एफ/१६ च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच मऊ होत जातं. म्हणून एफ/८ ते एफ/११, आयएसओ १०० किंवा २००, शटर १/१६० किंवा १/२००, सगळं मॅन्युअलवर. ऑटोफोकस बंद. फोकसची रिंगसुद्धा फिरवायची नाही. आपण स्वतः केसभर पुढे-मागे झुलायचं आणि डोळे चमकले त्या क्षणी बटण दाबायचं. डाव्या हाताने कोरफडीचं पान किंवा एखादी काडी हलकेच धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. मग कोळी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. ही एक युक्ती कळल्यावर माझे कामाचे फोटो शंभरात दोनावरून वीसवर गेले.

एवढं छिद्र लहान केल्यावर उजेड कुठून येणार? फ्लॅशमधूनच. आणि इथे घाबरायचं कारण नाही. फ्लॅश कमी ताकदीवर, म्हणजे १/१६ किंवा १/३२ वर ठेवला तर त्याचा झोत सेकंदाच्या एक हजाराव्या भागाहूनही बराच कमी वेळ टिकतो. तुमचा हात हलो, वाऱ्याने जाळं हलो, सगळं थिजून जातं. तुमचे फोटो करपले ते फ्लॅश होता म्हणून नाही. तो उघडा होता म्हणून. कोळ्याच्या मापाने पाहिलं तर उघडा फ्लॅश म्हणजे दुपारचं ऊन. त्याला ढग हवा. आणि ढग जितका मोठा आणि जितका जवळ, तितका प्रकाश मऊ.

ढग घरी होतो. नव्या टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम घ्या, नसेल तर रविवार कारंज्याजवळच्या एखाद्या स्टेशनरीच्या दुकानातून बटर पेपर आणा. फ्लॅशच्या तोंडाला पुठ्ठ्याचं नरसाळं करा, आत स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चिकटवा. नरसाळ्याच्या पुढच्या तोंडावर फोम ताणा आणि तो फोम लेन्सच्या पुढे, कोळ्याच्या डोक्यावर येईल असा वाकवा. जोडकाम चिकटपट्टीने. माझा डिफ्यूजर, म्हणजे प्रकाश मऊ करणारा हा ढग, झाला तो असा, सगळा मिळून दीडशे रुपयांच्या आत.

जमलंय की नाही ते कोळ्याचे डोळेच सांगतात. डोळ्यात बारीक टोकदार ठिपका दिसला तर ढग लहान पडला. डोळ्यात मऊ, पसरट, खिडकीसारखा उजेड उतरला की समजा जमलं.

मागचा काळोख घालवायचा असेल तर कोळ्यामागे हातभर अंतरावर एखादं हिरवं पान येईल असा कोन शोधा. आणि वरून काढू नका. जमिनीवर पोट टेकवून तिच्या डोळ्यांच्या रेषेत या. वरून काढला की तो किडा दिसतो. समोरून काढला की ती कोणीतरी दिसते.

सोमेश्वरकर | १५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

भिंगवाला, वाचनखूण साठवली. एकच भर: कॅमेरा नसलेल्यांनी मागे हटू नये. मोबाइलवर लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स चांगली निघाली तर छान काम करते. फक्त अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, त्यामुळे जाळ्यातल्यापेक्षा भिंतीवरच्या कोळ्यांना ती जास्त बरी.

काजवा_७७ | १५ सप्टेंबर, रात्री ९:२०

रात्रीची एक गंमत सांगतो. इंदिरानगरात आमच्या सोसायटीचं छोटं लॉन आहे. टॉर्च कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि गवतावर झोत टाकायचा. हिरव्या-निळ्या ठिणग्या लुकलुकताना दिसतात. दवबिंदू वाटतात, पण जवळ गेलात की ठिणगी पळते! ते वुल्फ स्पायडरचे डोळे. डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, उजेड आला त्याच वाटेने परत जातो, म्हणून टॉर्च डोळ्यांजवळच हवा. हात लांब करून धरला तर काही दिसत नाही.

काल अशीच एक ठिणगी गाठली तर मादीच्या पाठीवर पिल्लांचा ढीग. जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतली ती नव्हे. अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरते, पिल्लं बाहेर आली की पाठीवर घेते. एका फोटोत मी चाळीसपर्यंत मोजली, मग नाद सोडला.

गोदाकाठ | १६ सप्टेंबर, दुपारी ४:०२

सोपा उपाय सांगू का? कोळी डबीत पकडून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. गार झाला की हलत नाही. काळ्या काचेवर ठेवून निवांत फोटो काढा, प्रतिबिंबही येतं. माझे दोन फोटो देतोय.

अष्टपाद | १६ सप्टेंबर, ४:४०

फोटो स्वच्छ आहेत, पण ही पद्धत कृपया सोडा. गारठलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले असतात, जाणकार माणसाला लगेच कळतं. कोळ्याचे पाय पसरतात ते आतल्या द्रवाच्या दाबाने, ताणायला स्नायू पुरत नाहीत. म्हणून मेलेला कोळी नेहमी मुठीसारखा मिटलेला असतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत तो तसाच होत चाललाय. शिवाय काचेवरचा कोळी काय सांगतो? तो कुठल्या झाडावर होता, काय खात होता, काहीच नाही.

काही जण फोटोसाठी जाळ्यावर कॉर्नफ्लोअर उडवतात, त्याबद्दलही तेच. जाळं उठून दिसतं खरं, पण त्याची चिकटाई जाते आणि तिला सगळं नव्याने विणावं लागतं. आपल्या एका फोटोसाठी तिची सगळी मेहनत जाते.

भिंगवाला | १६ सप्टेंबर, ६:१०

अष्टपादांशी सहमत. गोदाकाठ, तुम्हाला थंडीच हवी असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा. नाशिकची पहाट फुकट फ्रिज देते. साडेसहाला बागेत जा, कोळी जागच्या जागी गारठलेले असतात आणि जाळ्यावर दवाचे मणी आपोआप ओवलेले. सूर्य वर आला की आपापल्या कामाला लागतात.

गोदाकाठ | १६ सप्टेंबर, ८:३३

पायांच्या दाबाचं माहीत नव्हतं. दोन्ही फोटो काढून टाकलेत. यापुढे नाही करणार.

निफाडचा_बागायतदार | २१ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी फोटोवाला नाही, द्राक्षवाला. पण धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) तयारी चालू आहे. छाटणीनंतर कोवळी फूट आली की थ्रिप्स आणि तुडतुडे येतात, आणि मागोमाग फवारणी. पूर्वी आमच्या बागेत पहाटे ओळीतून चाललं की तोंडावर जाळी यायची. आता मधल्या ओळींत एक नाही. बांधावर शेवगा आणि घाणेरीची झुडपं आहेत, तिथे फवारा पोचत नाही, तिथे अजून आहेत. कृषी खात्याच्या मेळाव्यात मित्रकीटकांच्या तक्त्यावर कोळीही असतो. कीटक नाही हे आम्हालाही माहीत आहे, आठ पाय मोजता येतात, पण मित्र आहे यात शंका नाही. यंदा बांधाकडच्या चार ओळी कमी फवारायचं ठरवलंय. बघू.

दसऱ्यासाठी झेंडू लावलाय. त्यात फुलाच्याच रंगाचा पिवळाधमक कोळी बसलेला असतो, पुढचे पाय खेकड्यासारखे पसरून. मधमाशी बसली की धरलीच. तो कोणता?

अष्टपाद | २१ सप्टेंबर, ३:०५

क्रॅब स्पायडर. जाळं विणत नाही, फुलावर दबा धरून बसतो. काही जाती पांढऱ्याच्या पिवळ्या आणि पुन्हा पांढऱ्या होऊ शकतात, पण सरड्यासारख्या क्षणात नाही, काही दिवस लागतात. दादा, तुमच्या चार ओळींचं काय होतं ते इथे नक्की लिहा. मला त्या ओळींची फोटोंपेक्षा जास्त उत्सुकता आहे.

बागेतली_मी | २८ सप्टेंबर, सकाळी १०:२०

भिंग आलं. डिफ्यूजर केला (आत जुन्या कुकरच्या खोक्यातला फोम). आणि प्रचि ४ बघा!

हा कोरफडीतला नाही, तुळशीवृंदावनावरचा छोटासा जंपिंग स्पायडर. मी सरकले तसा तो अख्खा वळला आणि लेन्समध्ये बघायला लागला. समोरचे दोन मोठे डोळे, त्यात माझा फोमचा ढग दिसतोय. मी बटण दाबायचंच विसरले. इतकी वर्षं दिवा लावताना हा इथेच असणार आणि मी एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

अष्टपाद | २८ सप्टेंबर, १०:५८

फारच सुंदर. ताई, त्याने खरंच तुमच्याकडे पाहिलं. जंपिंग स्पायडरची नजर कोळ्यांत सगळ्यात तेज. ते मोठे डोळे म्हणजे आत लांब नळ्या आहेत. समोरचं भिंग हलत नाही, पण मागचा दृष्टिपटल हलतो. फिकट रंगाच्या जातींत तर डोळ्याचा रंग आपल्यादेखत गडद-फिका होताना दिसतो. बाजूचे सहा डोळे हालचाल टिपतात, मग तो वळून या दोन डोळ्यांनी निरखतो.

कोळ्यांतलं हे सगळ्यात मोठं कुल, जगात सहा हजारांहून जास्त जाती. आणि सगळ्या शोधून झालेल्या नाहीत. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या जंपिंग स्पायडरला आयसियस तुकारामी असं नाव दिलं गेलं, २६/११ ला कसाबला धरून ठेवणाऱ्या शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. एवढ्या गजबजलेल्या भागात नवी जात सापडते, तर आपल्या अंजनेरी-बोरगडच्या बाजूला कोण काय बसलं असेल! म्हणून फोटोसोबत तारीख, जागा आणि झाडाचं नाव लिहून ठेवत जा.

बागेतली_मी | ५ ऑक्टोबर, दुपारी २:४५

कोरफडीतली कोळीण परवा अचानक बारीक झालेली दिसली. घाबरले. मग शेजारच्या पानाआड एक चपटी रेशमी पिशवी दिसली. अंडी घातलीत ना तिने? नर मात्र दसऱ्यापासून दिसत नाही.

आता खरी काळजी वेगळीच. दिवाळीची साफसफाई सुरू होतेय. घरातली जळमटं काढायची तर बागेतलीही काढायची, ही आमच्या घरची पद्धत. सासूबाईंचं वय ब्याऐंशी. कोळी अंगावरून गेला की फोड येतात यावर त्यांचा पक्का विश्वास, कारण लहानपणी त्यांच्या बहिणीला आले होते. कसं समजावू?

मेथी_कोथिंबीर | ५ ऑक्टोबर, ३:३०

आमच्याकडेही हेच म्हणतात. माझ्या मानेवर आले होते फोड, पावसाळ्यात. आई म्हणाली, कोळी मुतला. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं की कोळ्याचा काही संबंध नाही. दिव्याकडे येणारा एक बारीक, लाल-काळ्या पट्ट्यांचा किडा असतो, रोव्ह बीटल. तो अंगावर चिरडला की त्याच्यातल्या पेडेरिन या द्रव्याने कातडी भाजल्यासारखी होते. रात्री दिव्याखाली काम करताना मान चोळली की झालंच. बिचाऱ्या कोळ्यावर उगाच आळ.

अष्टपाद | ५ ऑक्टोबर, ४:१५

बरोबर. नागिणीचे फोडही पुष्कळदा कोळ्याच्या नावावर जातात. तुमच्या बागेतल्या या कोळिणीपासून माणसाला धोका नाही. मुठीत दाबली तर चावेल, पण आपणहून अंगावर येत नाही.

हो, ती अंड्यांचीच पिशवी. आत शेकड्यांनी अंडी असतात. पिल्लं आतच फुटतात, एकदा कात टाकतात आणि मग बाहेर येतात. आई मात्र त्यानंतर फार दिवस जगत नाही. आधीच सांगून ठेवतो.

काजवा_७७ | ५ ऑक्टोबर, रात्री ९:०५

आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीआधी सरसकट पेस्ट कंट्रोल झालं. लॉनवरच्या ठिणग्या फेब्रुवारीपर्यंत दिसल्या नाहीत. डास मात्र होते तेवढेच. ताई, तेवढी पिशवी तरी वाचवा.

बागेतली_मी | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:००

वाद घातला नाही. काल दुपारी सासूबाईंना टीव्हीच्या पडद्यावर सगळे फोटो दाखवले. मोठे करून, एकेक. तुळशीवरच्या जंपिंग स्पायडरचा फोटो आला तेव्हा त्या पुढे सरकून बसल्या. "हा बघतोय की गं माझ्याकडे." मग कोरफडीतली फुली बघून म्हणाल्या की त्यांची आई गोधडीला कडेने असाच टाका घालायची. पिशवीच्या फोटोवर बराच वेळ थांबल्या. बहिणीच्या फोडांचं मी काढलंच नाही, त्यांनीही नाही.

आज सकाळी कामाला आलेल्या मुलीच्या हातात त्यांनीच झाडू दिला आणि सांगितलं, "घरातलं सगळं काढ. कोरफडीकडे जायचं नाही. बाळंतीण आहे तिथे."

मेथी_कोथिंबीर | १२ ऑक्टोबर, ११:१२

डोळ्यात पाणी आलं.

बागेतली_मी | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

जाळं रिकामं आहे. दोन दिवस तिने ते नव्याने विणलंच नव्हतं, एक बाजू फाटलेली तशीच होती. आज ती नाही. खाली मातीत, पानांत, सगळीकडे पाहिलं. पिशवी जागेवर आहे. फुलीचा अर्धा भाग अजून तारेसारखा लटकतोय, त्याचा फोटो काढला. प्रचि ११.

भिंगवाला | १५ ऑक्टोबर, ८:५०

प्रचि ११ हा या धाग्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे, ताई.

निफाडचा_बागायतदार | २९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:४०

सांगितल्याप्रमाणे लिहितोय. अवकाळीने फार पळवलं, त्यामुळे भुरीसाठी बुरशीनाशक फवारावंच लागलं. पण बांधाकडच्या चार ओळींत कीटकनाशक एकदाच दिलं. आज पहाटे त्या ओळींत सात जाळी मोजली. मधल्या चार ओळी तेवढ्याच लांबीच्या, तिथे एक. थ्रिप्स दोन्हीकडे आहेत, फरक आत्ताच सांगता येणार नाही. मोजणं चालू ठेवतो. मुलीने मोबाइलवर फोटो काढलेत, तिलाही तुमच्यासारखा ढग करून द्यायचाय.

बागेतली_मी | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

आली!

सात वाजता गेले तेव्हा पिशवीला बारीक भोक होतं आणि बाहेर मोहरीच्या दाण्यांहून लहान पिल्लांचा झुबका, एकमेकांना चिकटून. फुंकर लागली की सगळी एकदम पसरायची आणि परत गोळा व्हायची. भिंग लावून, झूम २५० ला नेऊन पोटावर झोपले. साडी मातीने भरली. एकेकाला आठ पाय, आणि इवल्या पोटावर आत्ताच पट्ट्यांची खूण.

ऊन तापल्यावर काही जण कोरफडीच्या टोकावर चढले. पाय ताठ केले, पोट वर केलं, आणि एक तार सोडून गेलेच उडून. वारा जवळजवळ नव्हता. असं कसं?

अष्टपाद | ३ नोव्हेंबर, १०:३०

अभिनंदन, ताई! याला बलूनिंग म्हणतात. मंद वारा पुरतो. शिवाय २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वारा पूर्ण बंद ठेवून दाखवलं की हवेतल्या विद्युतक्षेत्रानेही लहान कोळी उचलले जातात. त्यांच्या अंगावरच्या बारीक केसांना ते क्षेत्र जाणवतं. झाडांच्या, पानांच्या टोकाशी ते जास्त असतं. तुमची पिल्लं टोकावर का चढली, यामागे हेही असू शकतं.

सगळी जाणार नाहीत. काही तिथेच आसपास राहतील.

बागेतली_मी | ३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

सासूबाईंनी खुर्ची बागेत मागवली. दीड तास बसल्या होत्या. त्यांना इतकं बारीक दिसत नाही, म्हणून मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवत होते आणि त्या मोजत होत्या. सत्तावीस झाली. एक त्यांच्या पदरावर आली होती. त्यांनी झटकली नाही, पदर उचलून कोरफडीला लावला.